दाद न देणारा तीव्र ल्युकेमिया आणि टार्गेटेड औषधांच्या चाचण्या: सही करण्यापूर्वी काय समजून घ्यावे

तीव्र ल्युकेमिया म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग. पहिल्या केमोथेरपीने तो बऱ्याच रुग्णांत आटोक्यात येतो. काहींत मात्र तो हटत नाही आणि काहींत गेलेला परत येतो. अशा वेळी मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर एखाद्या टार्गेटेड औषधाबद्दल किंवा चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायलबद्दल सांगतात. हातात बरीच पाने असलेले संमतीपत्र देतात आणि लवकर कळवा म्हणतात. मग ती फाइल घेऊन घरचे लोक नेहमीच्या डॉक्टरांकडे येतात.

माझ्यासमोर अशी फाइल आली की प्रश्न सहसा एकच असतो, "डॉक्टर, आमच्या माणसावर प्रयोग तर करणार नाहीत ना?"

मी कर्करोगतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. यातले कोणते औषध द्यायचे हे मी ठरवत नाही. पण त्या संमतीपत्रात नेमके काय लिहिलेले असते, त्यातले आकडे कसे वाचायचे आणि सही करण्याआधी काय विचारायचे हे समजावून सांगणे माझे काम आहे. या लेखात तेच केले आहे.

'दाद न देणारा' म्हणजे नेमके काय?

आपल्या हाडांच्या आत अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो असतो. तिथे रक्तपेशी तयार होतात. तीव्र ल्युकेमियात अर्धवट वाढलेल्या पेशी बेसुमार वाढतात आणि मज्जेतली जागा अडवतात. या अर्धवट पेशींना ब्लास्ट म्हणतात. त्यांच्यामुळे लाल पेशी, चांगल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी पडतात. म्हणून थकवा, ताप आणि रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात.

तीव्र ल्युकेमियाचे मुख्य प्रकार दोन आहेत. एएमएल हा मायलॉइड पेशींचा, तो मोठ्या माणसांत जास्त आढळतो. एएलएल हा लिम्फॉइड पेशींचा, तो लहान मुलांत जास्त आढळतो. तुमच्या फाइलवर यातला कोणता प्रकार लिहिला आहे ते आधी पाहा, कारण दोन्हींची औषधे वेगळी असतात.

उपचारानंतर मज्जेतल्या ब्लास्ट पेशी ५ टक्क्यांपेक्षा कमी झाल्या आणि रक्ताचे आकडे सुधारले, तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. पुरेशी केमोथेरपी देऊनही रेमिशन आले नाही, तर आजार रिफ्रॅक्टरी आहे असे लिहितात. रेमिशननंतर ब्लास्ट पुन्हा वाढले, तर तो रिलॅप्स. या दोन्ही स्थितींत तीच केमोथेरपी आणखी जोरात देऊन फारसे साधत नाही, असा अनुभव आहे.

औषध लागू का पडत नाही?

कापसावर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन कळते. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की बहुतेक किडी मरतात, पण ज्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही त्या उरतात. पुढची पिढी त्यांचीच असते.

ल्युकेमियाच्या पेशी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या जनुकांतले बदल सारखे नसतात. केमोथेरपीत एखादा गट तग धरतो, पुढे तोच वाढतो आणि वाढताना त्यात नवे बदलही होतात. त्यामुळे परत आलेला आजार हा बहुधा पहिल्या आजाराचे बदललेले रूप असतो.

यातूनच या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. आजार परत आला, तर बोन मॅरोची आणि जनुकांची तपासणी नव्याने करावी लागते. पहिल्या वेळी सापडलेला बदल आता नसू शकतो आणि तेव्हा नसलेला आता असू शकतो. 'सुई पुन्हा कशाला टोचायची, जुना रिपोर्ट आहे ना' असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण टार्गेटेड औषधाचा सगळा हिशोब या नव्या रिपोर्टवर असतो. औषधाचे नाव विचारण्याआधी विचारा, "आत्ताच्या पेशींत कोणता बदल सापडला आहे?"

टार्गेटेड औषध म्हणजे काय?

नेहमीची केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर मारा करते. त्यात केसांच्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या चांगल्या पेशीही सापडतात. टार्गेटेड औषध कर्करोगाच्या पेशीतली एक ठरावीक गोष्ट हेरते आणि तिथेच काम करते. ती गोष्ट त्या रुग्णाच्या पेशीत नसेल, तर औषध कितीही नवे आणि महाग असले तरी त्याचा उपयोग होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

आज ज्यांच्यावर औषधे आहेत असे मुख्य लक्ष्य पुढीलप्रमाणे:

- एफएलटी३: पेशीच्या पृष्ठभागावरचा हा वाढीचा खटका आहे. जनुकात बदल झाला की तो कायम चालू राहतो. एएमएलच्या साधारण ३० टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. गिल्टेरिटिनिब हे त्यावरचे तोंडाने घ्यायचे औषध आहे.
- आयडीएच१ आणि आयडीएच२: यांतल्या बदलामुळे पेशीची वाढ पूर्ण होत नाही, ती अर्धवटच राहते. आयडीएच१ साठी आयव्होसिडेनिब आणि आयडीएच२ साठी एनासिडेनिब ही औषधे आहेत.
- केएमटी२ए: गुणसूत्राचा तुकडा चुकीच्या जागी जोडला गेल्याने होणारा हा बदल एक वर्षाखालच्या बाळांच्या ल्युकेमियात विशेष आढळतो, मोठ्यांतही दिसतो. यात मेनिन नावाच्या प्रथिनाची साथ लागते. ती साथ तोडणाऱ्या औषधांना मेनिन इनहिबिटर म्हणतात. रेव्युमेनिब हे त्यातले एक.
- सीडी१९ आणि सीडी२२: बी प्रकारच्या एएलएलच्या पेशींवरच्या या खुणा आहेत. ब्लिनाट्युमोमॅब सीडी१९ ला धरते आणि आपल्याच टी पेशींना त्या पेशीजवळ आणते. इनोट्युझुमॅब सीडी२२ ला चिकटून पेशीच्या आत औषध सोडते.
- फिलाडेल्फिया गुणसूत्र: एएलएलच्या काही रुग्णांत हे असते. त्यांच्यासाठी डॅसॅटिनिब, पोनॅटिनिब अशा गोळ्या आहेत.

या औषधांतली काही भारतात मिळतात, काही परदेशातच मंजूर आहेत आणि काही फक्त ट्रायलमधून मिळू शकतात. तुमच्या औषधाची आजची स्थिती कोणती, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

दाद न देणाऱ्या आजारात हा मार्ग सापडला कसा?

शांघायमधील डॉक्टरांनी १९८८ साली एक अनुभव प्रसिद्ध केला. एएमएलचा एपीएल नावाचा उपप्रकार असलेल्या २४ रुग्णांना त्यांनी व्हिटॅमिन ए पासून बनलेली एक गोळी दिली. तिला एटीआरए म्हणतात. या २४ पैकी ८ जणांना आधीची केमोथेरपी लागू पडली नव्हती. तरीही सर्व रुग्णांत रेमिशन आले, आणि बोन मॅरो रिकामा न होता आले. वांग झेन्यी हे या कामातले प्रमुख डॉक्टर.

या औषधाने पेशी थेट मारल्या नव्हत्या. अर्धवट अडकलेल्या पेशींची वाढ पुरी करून दिली होती. औषध नेमके कुठे लागू पडते, ते जनुक तर नंतर सापडले. एके काळी रक्तस्रावाने झपाट्याने जीव घेणारा एपीएल आज बरा होण्याचे प्रमाण खूप चांगले आहे.

पण ही गोष्ट ऐकून प्रत्येक टार्गेटेड औषधाकडून तीच अपेक्षा ठेवू नका. एपीएलमध्ये एकच बदल आजाराचा मुख्य चालक असतो. इतर बहुतेक तीव्र ल्युकेमियांत बदल अनेक असतात. एक रस्ता अडवला की पेशी दुसरा शोधतात.

ट्रायलचे टप्पे: तुमच्या संमतीपत्रावर कोणता आकडा आहे?

संमतीपत्राच्या सुरुवातीलाच ट्रायलचा टप्पा, म्हणजे फेज लिहिलेली असते. त्यावरून ट्रायलचा मुख्य प्रश्न कळतो.

पहिला टप्पा डोस ठरवण्यासाठी असतो. शरीर किती डोस सहन करू शकते, हा इथला प्रश्न. नेहमीची एक पद्धत अशी: तीन रुग्णांना एक डोस देतात. कोणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना थोडा जास्त. एकाला त्रास झाला, तर त्याच डोसवर आणखी तीन रुग्ण घेतात. आणखी कोणाला झाला, तर तिथेच थांबतात. इथे काही रुग्णांना फायदा होतो, पण सुरुवातीचा डोस मुद्दाम कमी ठेवलेला असतो हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या टप्प्यात ठरलेला डोस ठरावीक बदल असलेल्या रुग्णांना देतात आणि किती जणांत रेमिशन येते ते मोजतात. यात बहुधा तुलनेसाठी दुसरा गट नसतो.

तिसऱ्या टप्प्यात नव्या औषधाची तुलना प्रचलित उपचाराशी होते. कोणत्या गटात कोण जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे संगणकाने ठरते.

इथे अनेकांना एक भीती असते, की आपल्याला नुसती साखरेची गोळी दिली तर? दाद न देणाऱ्या तीव्र ल्युकेमियात रुग्णाला उपचाराविना ठेवून तुलना करणे मान्य होत नाही. दुसऱ्या गटालाही उपलब्ध उपचार मिळतो, किंवा प्रचलित उपचार दोन्ही गटांना देऊन एका गटात नवे औषध वाढवतात. तुमच्या ट्रायलमध्ये नेमके काय आहे ते संमतीपत्रात लिहिलेले असते. तो परिच्छेद शोधून वाचा.

आकडे कसे वाचायचे: चार खरी उदाहरणे

'नव्या औषधाने चांगला परिणाम' या वाक्यात बरेच काही लपू शकते. म्हणून आकडे पाहू.

*पहिले उदाहरण, गिल्टेरिटिनिब.* अॅडमिरल नावाच्या तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये एफएलटी३ बदल असलेले, आजार परत आलेले किंवा दाद न देणारे ३७१ रुग्ण होते. २४७ जणांना ही गोळी आणि १२४ जणांना केमोथेरपी दिली. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळीच्या गटात मध्यम जीवनकाल ९.३ महिने होता, केमोथेरपीच्या गटात ५.६ महिने. एका वर्षानंतर गोळीच्या गटातले १०० पैकी साधारण ३७ रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले साधारण १७. दोन वर्षांनंतर हेच प्रमाण सुमारे २१ आणि १४ होते.

मध्यम जीवनकाल ९.३ महिने याचा अर्थ 'आपल्या माणसाकडे ९ महिने आहेत' असा नाही. निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे त्याहून जास्त. हा फरक खरा आहे आणि मोलाचा आहे. पण बहुतेकांचा आजार या गोळीने कायमचा गेला, असे हे आकडे सांगत नाहीत. दोन्ही बाजू एकत्र समजून घ्या.

*दुसरे उदाहरण, ब्लिनाट्युमोमॅब.* टॉवर नावाच्या ट्रायलमध्ये बी प्रकारच्या एएलएलचे ४०५ प्रौढ रुग्ण होते. २०१७ च्या निकालांनुसार मध्यम जीवनकाल या औषधाच्या गटात ७.७ महिने आणि केमोथेरपीच्या गटात ४ महिने होता.

*तिसरे उदाहरण, रेव्युमेनिब.* अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये याला केएमटी२ए बदल असलेल्या, दाद न देणाऱ्या ल्युकेमियासाठी मंजुरी मिळाली. ती प्रौढांसाठी आणि एक वर्षावरील मुलांसाठी आहे. या मंजुरीसाठी १०४ रुग्णांचे निकाल पाहिले गेले. त्यांपैकी सुमारे २१ टक्के रुग्णांत रेमिशन आले आणि ते मध्यम ६.४ महिने टिकले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पाचांपैकी एक हा आकडा लहान वाटेल, पण यांतल्या बहुतेकांवर आधीचे अनेक उपचार निष्फळ ठरलेले होते.

*चौथे उदाहरण, एनासिडेनिब.* अमेरिकेत २०१७ मध्ये याला मंजुरी मिळाली ती तुलनेचा गट नसलेल्या ट्रायलवरून. पुढे ६० वर्षे आणि त्यावरील रुग्णांत तिसऱ्या टप्प्याची ट्रायल झाली. तिथे मध्यम जीवनकाल एनासिडेनिबच्या गटात ६.५ महिने आणि प्रचलित उपचाराच्या गटात ६.२ महिने आला. म्हणजे जगण्याच्या कालावधीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

हे चौथे उदाहरण मी मुद्दाम दिले आहे. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आशादायक वाटलेले औषध तुलनेत नेहमी सरस ठरतेच असे नाही. 'नवे म्हणजे चांगलेच' हे गृहीत धरता येत नाही, म्हणूनच ट्रायल करावी लागते. ट्रायलमध्ये जाणारा रुग्ण एका खऱ्या, अजून न सुटलेल्या प्रश्नात भाग घेतो. 'माणसावर प्रयोग' या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर हेच आहे: हो, हा प्रयोग आहे. पण तो उघडपणे, नियमांत बांधून आणि तुमच्या संमतीने केलेला प्रयोग असतो.

रेमिशन आले, पुढे काय?

दाद न देणाऱ्या आजारात टार्गेटेड औषधाचे रेमिशन हा अनेकदा पूल असतो. पलीकडच्या काठावर असते बोन मॅरो ट्रान्सप्लांट. अॅडमिरल ट्रायलमध्ये गोळीच्या गटातले सुमारे २५ टक्के रुग्ण ट्रान्सप्लांटपर्यंत पोहोचले, केमोथेरपीच्या गटातले सुमारे १५ टक्के.

औषध सुरू असतानाच भावंडांची एचएलए तपासणी करून घ्या. रेमिशन आल्यावर दाता शोधायला निघालात, तर मिळालेला वेळ त्यातच जातो. वयामुळे किंवा इतर आजारांमुळे ट्रान्सप्लांट शक्य नसेल, तर तेही आधीच स्पष्ट विचारा. मग उपचाराचा हेतू वेगळा ठरतो: दिवस वाढवणे, रक्त चढवण्याची गरज कमी करणे, घरी राहता येणे. हा हेतूही तितकाच मोलाचा आहे.

रेमिशननंतर डॉक्टर एमआरडी तपासणी सांगतात. सूक्ष्मदर्शकात न दिसणारी, दहा हजारांत एखादी कर्करोगाची पेशी उरली आहे का, हे त्यात पाहतात.

सीएआर-टी यात कुठे बसते?

सीएआर-टी ही गोळी किंवा साधे इंजेक्शन नाही. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत सीडी१९ ओळखायला शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या भारतीय सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तो बी पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. एएमएलमध्ये तो वापरत नाहीत, कारण त्या पेशींवर सीडी१९ ही खूण सहसा नसते. 'मुंबईत नवीन उपचार आलाय, तो आमच्या बाबांना द्या' असे म्हणण्याआधी बाबांचा आजार एएलएल आहे की एएमएल, हे पाहावे लागते ते यामुळेच.

धोके: घरी कोणती लक्षणे पाहायची?

गोळी आहे म्हणून ती सौम्यच असेल असे समजू नका.

डिफरन्शिएशन सिंड्रोम: अडकलेल्या पेशी एकदम वाढू लागल्या की शरीरात दाह होतो. ताप, धाप, अंगावर सूज, अचानक वजन वाढणे, रक्तदाब उतरणे ही लक्षणे. आयडीएच आणि मेनिन इनहिबिटरमध्ये आणि गिल्टेरिटिनिबमध्येही हे होऊ शकते, तेही सुरुवातीच्या दिवसांत किंवा काही आठवड्यांनंतर. वेळेत ओळखले तर स्टिरॉइडने आटोक्यात येते, उशीर झाला तर जिवावर बेतते. घरी रोज सकाळी वजन करून वहीत लिहा.

हृदयाच्या ठोक्यांत बिघाड: यांतली अनेक औषधे ईसीजीमधला क्यूटी कालावधी वाढवतात. चक्कर, छातीत धडधड, शुद्ध हरपणे याकडे दुर्लक्ष करू नका. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमच्या तपासण्या चुकवू नका.

ब्लिनाट्युमोमॅबसारख्या औषधांत तीव्र ताप, रक्तदाब उतरणे, गोंधळल्यासारखे बोलणे, हात थरथरणे, झटके येऊ शकतात. रुग्णाची सही एकाएकी वेडीवाकडी येऊ लागली, तर तेही डॉक्टरांना सांगा.

जंतुसंसर्ग: पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही तातडीची स्थिती आहे. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नका.

गावातल्या डॉक्टरांनाही कागद दाखवा

हा भाग मी माझ्यासारख्या डॉक्टरांच्या अनुभवातून लिहितो आहे. ट्रायलचे रुग्णालय मुंबईत किंवा पुण्यात असते, रुग्ण राहतो दोनशे किलोमीटरवर. खोकला झाला, उलटी झाली की तो जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे अगदी सवयीने दिलेली औषधे अडचण करू शकतात:

- अॅझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन आणि उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन, तिन्ही क्यूटी कालावधी वाढवू शकतात.
- व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल अशी बुरशीवरची औषधे अनेक टार्गेटेड औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतात.
- प्लेटलेट कमी असताना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि कमरेवरचे इंजेक्शन टाळावे.
- काढे, भस्मे, 'रक्त वाढवणारी' चूर्णे यांचा औषधावर काय परिणाम होईल याची खात्री नसते. घेत असाल तर लपवू नका. ट्रायलच्या डॉक्टरांना सांगा, ते रागावणार नाहीत.

ट्रायलच्या टीमकडून रुग्णाला एक कार्ड मिळते. त्यावर औषधाचे नाव आणि चोवीस तास चालणारा फोन नंबर असतो. ते कार्ड पाकिटात ठेवा आणि कोणत्याही दवाखान्यात आधी ते दाखवा. कार्ड मिळाले नसेल तर मागून घ्या.

तुमचे हक्क

भारतात औषधांच्या चाचण्या २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली होतात.

- प्रत्येक ट्रायलला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात सदस्य असतात, त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक कायदा जाणणारी व्यक्ती असते. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात.
- ट्रायलमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि नियमांनुसार भरपाई मिळण्याचा हक्क आहे.
- संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. मराठी प्रत मागा. तुमची सही असलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.
- कोणत्याही दिवशी, कारण न सांगता ट्रायलमधून बाहेर पडता येते. त्यामुळे पुढचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.
- रुग्ण लहान असेल तर पालक सही करतात. पण समजत्या वयाच्या मुलालाही त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो. 'त्याला काय कळतंय' असे म्हणून मुलाला वगळू नका.

ट्रायल खरी आहे का, हे तुम्हालाही तपासता येते. २००९ पासून भारतातील प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदणीत आगाऊ नोंद बंधनकारक आहे. ही नोंदणी इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते. संमतीपत्रावरचा नोंदणी क्रमांक तिथे टाका. कोणी 'ट्रायलचे औषध' म्हणून पैसे मागत असेल आणि नोंदणी क्रमांक देत नसेल, तर तिथून निघून या.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. आजार परत आल्यानंतर जनुकांची तपासणी नव्याने झाली का? कोणता बदल सापडला?
२. हे औषध त्याच बदलावर आहे का?
३. ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे? आतापर्यंत किती रुग्णांना हे औषध दिले आहे?
४. ट्रायलमध्ये गेलो नाही, तर दुसरा पर्याय कोणता? त्याचे निकाल काय?
५. रेमिशन आले तर ट्रान्सप्लांट करता येईल का?
६. किती वेळा यावे लागेल? बोन मॅरो तपासणी किती वेळा? प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण देणार?
७. कोणत्या तपासण्या मोफत आणि कोणत्या आमच्या खर्चाने?
८. औषधाचा फायदा झाला आणि ट्रायल संपली, तर पुढे औषध मिळेल का?
९. औषध लागू पडले नाही हे किती दिवसांत कळेल? मग काय करणार?

प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सोबत एक माणूस न्या. एकाने ऐकावे, दुसऱ्याने लिहावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जनुकांच्या रिपोर्टसाठी थांबण्यात धोका नाही का?*
काही रुग्णांत थांबता येत नाही, तिथे डॉक्टर उपचार लगेच सुरू करतात. पण बऱ्याच रुग्णांत काही दिवस थांबणे शक्य असते. अमेरिकेतल्या बीट एएमएल या ट्रायलमध्ये ६० वर्षांवरील नव्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्के जणांना जनुकांच्या रिपोर्टवरून ७ दिवसांच्या आत उपचार ठरवून देता आले. तुमच्या रुग्णात थांबता येईल का, हे ब्लास्टची संख्या आणि प्रकृती पाहून ठरते.

*रिपोर्टमध्ये औषध असलेला एकही बदल सापडला नाही तर?*
असे होते. मग वेगळी केमोथेरपी, व्हेनेटोक्लॅक्ससारखी औषधे किंवा ठरावीक बदलाची अट नसलेली ट्रायल असे पर्याय डॉक्टर पाहतात.

*नकार दिला तर डॉक्टर नाराज होतील का?*
नकार देणे हा तुमचा हक्क आहे. त्यामुळे तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये.

*रुग्णालाच आता उपचार नको असतील तर?*
तर त्याचे म्हणणे आधी ऐका. घरातले सगळे 'शेवटपर्यंत लढायचं' म्हणत असतात आणि रुग्ण गप्प असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. वेदना, धाप, रक्तस्राव, भीती यांवर उपचार करणारी पॅलिएटिव्ह केअर ट्रायलसोबतही घेता येते आणि ट्रायल नाकारूनही घेता येते. ती घेणे म्हणजे हार मानणे नव्हे.

थोडक्यात

परत आलेल्या किंवा दाद न देणाऱ्या तीव्र ल्युकेमियात टार्गेटेड औषधांनी काही रुग्णांना वेळ दिला आहे आणि काहींना ट्रान्सप्लांटपर्यंत पोहोचवले आहे. सगळ्यांना नाही. आपला माणूस त्या 'काहीं'मध्ये बसतो का, हे पाहण्याची सुरुवात नव्या जनुक तपासणीपासून होते. सही रुग्णाने समजून केली पाहिजे, आणि समजले नाही तर पुन्हा विचारले पाहिजे. प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल, तर फाइल घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे या. एकत्र बसून वाचू.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या रक्तविकार किंवा कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्या.*